पदवीच्या पलीकडचा पाझर

सांगोला, आटपाडी, सटाणा, मालेगाव हे पावसाने कायम हात आखडता घेतलेले तालुके. इथल्या अनेक घरांवर स्लॅब चढले ते डाळिंबाच्या जोरावर. बागायतदाराशी बोलायला बसलात तर तो ‘भगवा’ वाणाबद्दल भरभरून सांगेल. सालीचा गडद केशरी-लाल रंग, तिची जाडी, आखातात किंवा युरोपात पोचेपर्यंत टिकणारे फळ. बहार मृगाचा धरावा की हस्ताचा, यावर तासभर वाद घालेल. हा वाण आला कुठून, असे विचारले तर मात्र बहुतेक वेळा उत्तर मिळेल, की पाव्हण्याच्या बागेतून गुटी, म्हणजे फांदीलाच मुळ्या फोडून केलेले कलम, आणली.

गुटी पाव्हण्याच्या बागेतूनच आली, यात खोटे काही नाही. पण त्या गुटीची वंशावळ पुण्याच्या गणेशखिंडीपर्यंत जाते. तिथल्या फळसंशोधन केंद्रात 1936 साली डॉ. जी. एस. चीमा यांनी ‘आळंदी’ जातीच्या रोपांतून मऊ बियांचे एक झाड निवडून काढले. पुढे त्यालाच ‘गणेश’ हे नाव मिळाले आणि कित्येक वर्षे महाराष्ट्रातले डाळिंब म्हणजे गणेश असे समीकरण झाले. नंतर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात गणेशचा संकर लाल दाण्याच्या एका जातीशी झाला, दुसऱ्या पिढीतल्या झाडांतून निवड करत करत भगवा हाती आला आणि या शतकाच्या सुरुवातीला तो शेतकऱ्यांना मिळाला. दोन टोकांमध्ये सहा दशकांहून जास्त काळ गेला. इतकी वर्षे कोणती खासगी कंपनी थांबली असती? आणि तिने थांबावे तरी कशासाठी? डाळिंबाची गुटी एका शेतकऱ्याने बांधली की दोन हंगामांत ती गावभर होते. तिच्यावर पैसा वसूल करायची सोय नाही. चीमांना सरकारी पगार मिळाला, राहुरीच्या शास्त्रज्ञांनाही तेवढाच मिळाला. मिळकत झाली ती रोपवाटिकावाल्याची, ठिबकच्या दुकानदाराची, खोकी बनवणाऱ्याची, पॅकहाउसमध्ये फळांची प्रतवारी करणाऱ्या बायकांची, ट्रकवाल्याची आणि अर्थातच बागायतदाराची. यांतल्या बहुतेकांनी विद्यापीठाची पायरी कधी चढली नसेल.

उच्च शिक्षणाचा अर्थव्यवस्थेला काय उपयोग, हा प्रश्न आपल्याकडे निघतो तो पॅकेजच्या भाषेत. कोणत्या कॉलेजात प्लेसमेंट किती टक्के, कोणाला किती लाख मिळाले, फी कधी वसूल होणार. आईबापांनी असा विचार करणे स्वाभाविक आहे. कर्ज काढून मुलाला शिकवणाऱ्याने दुसरा कोणता विचार करावा? अडचण ही, की सरकारही आता याच भाषेत बोलू लागले आहे. विद्यापीठांनी आपल्या पायावर उभे राहावे, स्वतःचे उत्पन्न वाढवावे, विनाअनुदानित तुकड्या काढाव्यात, असे सांगितले जाते. त्यामागचे गृहीतक असे, की शिक्षणाचा फायदा शिकणाऱ्याला होतो, तर खर्चही त्यानेच करावा. हे गृहीतक चुकीचे आहे, आणि ही चूक महाराष्ट्राला फार महागात पडते आहे, असे माझे म्हणणे आहे.

अर्थशास्त्रात हा मुद्दा जुना आहे. रॉबर्ट सोलो यांनी 1957 साली अमेरिकेच्या चाळीस वर्षांच्या आकड्यांचा अभ्यास केला. 1909 ते 1949 या काळात श्रमाच्या दर तासामागचे उत्पादन दुप्पट झाले होते. त्या वाढीचा आठातला जवळजवळ सात भाग जास्त भांडवल ओतल्याने आलेला नव्हता. तो काम करण्याच्या पद्धती सुधारल्याने, म्हणजे ज्ञानाने आलेला होता. पुढे पॉल रोमर यांनी ज्ञानाचा एक विशेष गुण अर्थशास्त्राच्या चौकटीत बसवला आणि त्यासाठी त्यांना 2018 चे नोबेल मिळाले. एक ट्रॅक्टर एका वेळी एकाच रानात चालतो, पण एक सूत्र, एक वाण, एक प्रक्रिया एकाच वेळी लाखो ठिकाणी वापरता येते आणि वापरल्याने ती झिजत नाही. म्हणूनच ज्याने ज्ञान निर्माण केले त्याच्या पदरात त्याच्या फायद्याचा लहानसा हिस्सा पडतो, बाकीचा इतरांकडे जातो. आणि फायदा इतरांकडे जाणार असेल तर बाजार त्यावर पुरेसा खर्च करत नाही.

महाराष्ट्रात हे समजायला परदेशी अर्थतज्ज्ञांची गरज पडू नये. 1972 च्या दुष्काळी कामांवर आपण गावोगावी पाझर तलाव बांधले. फेब्रुवारीत तलावात पाणी किती उरले एवढेच पाहणारा माणूस ते काम तोट्यात काढेल. बंधाऱ्याखालच्या विहिरींची पातळी मोजणाऱ्याला खरा हिशेब कळेल. विद्यापीठांचा ताळेबंद आपण पहिल्या माणसासारखा मांडतो आहोत.

खालच्या विहिरी मोजायच्या तर माटुंग्यापासून सुरुवात करावी. मुंबई विद्यापीठाने 1 ऑक्टोबर 1933 रोजी रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग सुरू केला. जुनी माणसे आजही त्याला यूडीसीटी म्हणतात. आता ते रसायन तंत्रज्ञान संस्था, अर्थात आयसीटी, या नावाचे अभिमत विद्यापीठ आहे. सुरुवातीला विषय दोनच होते, वस्त्ररसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी. कारण समोर गिरणगाव होते. मुंबईच्या गिरण्या कापड विणत होत्या, पण ते रंगवायची रसायने आणि ती रंगवण्याची विद्या बाहेरून, मुख्यतः जर्मनी, स्वित्झर्लंड आणि इंग्लंडमधून येत होती. शहराच्या अर्थव्यवस्थेत नेमके भोक कुठे आहे ते ओळखून काढलेला हा विभाग होता. गिरणगावाच्या गरजेतून सुरू झाला म्हणून तो गिरण्यांपुरता राहिला असता तर 1982 च्या संपानंतर त्याचीही कथा संपली असती. तसे झाले नाही. याचे कारण तिथे केवळ कारागिरी शिकवली गेली नाही, मुळातले रसायनशास्त्र शिकवले गेले.

1938 मध्ये कृष्णस्वामी वेंकटरामन या विभागाचे प्रमुख झाले. रंगद्रव्यांच्या रसायनशास्त्रात त्यांचा अधिकार जगभर मानला गेला. सेंद्रिय रसायनशास्त्रातल्या एका अभिक्रियेला आजही त्यांचे नाव आहे. त्यांच्या प्रयोगशाळेतला विद्यार्थी रंगाचा रेणू कसा जोडतात ते शिकत होता, म्हणजे खरे तर कोणताही गुंतागुंतीचा सेंद्रिय रेणू पायरीपायरीने कसा उभा करायचा ते शिकत होता. त्याच पायऱ्या औषधाला लागतात, कीटकनाशकाला लागतात, सुगंधी द्रव्याला लागतात. गिरण्यांसाठी तयार झालेली विद्या औषधांच्या कामी आली ती अशी. 1933 साली कोणी सचिवालयात बसून ‘या विभागातून पन्नास वर्षांनी औषधउद्योग उभा राहील’ असा प्रकल्प अहवाल लिहिला असता तर त्याला वेड्यात काढले असते.

1957 मध्ये वेंकटरामन पुण्याला गेले, पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे, म्हणजे एनसीएलचे, पहिले भारतीय संचालक म्हणून. या प्रयोगशाळेचे उद्घाटन पंडित नेहरूंनी 3 जानेवारी 1950 रोजी केले होते. वेंकटरामन यांच्या मागोमाग यूडीसीटीतलेच बा. द. टिळक एनसीएलचे संचालक झाले. 1989 मध्ये त्याच खुर्चीवर रघुनाथ माशेलकर आले, तेही यूडीसीटीचेच विद्यार्थी. माटुंगा ते पाषाण ही वाट अशी मळत गेली. शिकवणारे विद्यापीठ आणि संशोधन करणारी प्रयोगशाळा यांच्यात माणसे ये-जा करत राहिली, आणि दोन्हींच्या दारात कारखानदार आपल्या अडचणी घेऊन उभे राहू लागले.

माशेलकरांचे उदाहरण आपण गुणगौरव समारंभापुरते वापरतो. गोव्यातल्या माशेलचा मुलगा, लहानपणीच वडील गेले, आईने मुंबईत कष्ट करून वाढवले, पालिकेच्या शाळेत शिकला, टाटांच्या शिष्यवृत्तीने पुढे गेला. हे सगळे डोळ्यांत पाणी आणणारे आहेच. पण त्याचा आर्थिक अर्थही लक्षात घ्यायला हवा. अमेरिकेत 1995 साली हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर पेटंट दिले गेले, तेव्हा माशेलकर ज्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते तिने जुने ग्रंथ आणि शोधनिबंध पुराव्यादाखल मांडून त्याला आव्हान दिले, आणि 1997 मध्ये ते रद्द झाले. ही लढाई हळद पिकवणाऱ्या देशाने जिंकली, कारण त्या देशाकडे पेटंटची भाषा समजणारी शिकलेली माणसे होती. सांगलीच्या हळद बाजारात या माणसांचा पगार कोणी मोजत नाही.

आता औषधांकडे येतो, कारण उच्च शिक्षणाचा फायदा किती दूरवर जातो याचे याहून मोठे उदाहरण माझ्या माहितीत नाही. 1960 च्या सुमारास भारत गरीब होता आणि औषधे मात्र महाग होती. प्रतिजैविकांच्या भारतातल्या किमती जगातल्या सर्वांत चढ्या किमतींमध्ये मोडतात, अशी नोंद अमेरिकी सिनेटच्या केफॉव्हर समितीच्या कामकाजातही झाली. 1970 मध्ये संसदेने नवा पेटंट कायदा केला आणि 1972 पासून तो लागू झाला. औषधाच्या रेणूवर पेटंट नाही, फक्त तो बनवण्याच्या प्रक्रियेवर, ही त्यातली कळीची तरतूद. म्हणजे रेणू तोच, पण तुम्ही वेगळ्या वाटेने तिथे पोचलात तर औषध तुम्हीही बनवू शकता. या कायद्याचे कौतुक नेहमी होते. त्यात एक गोष्ट सुटते. वेगळी वाट शोधायला ती चालू शकणारा रसायनतज्ज्ञ लागतो. औषधांवर पेटंट न देणारे किंवा कमकुवत पेटंट असलेले दुसरे देशही होते. त्यांतल्या अनेकांकडे असा उद्योग उभा राहिला नाही. आपल्याकडे तोवर माटुंग्यातून आणि पाषाणातून तयार झालेले प्रक्रिया-रसायनतज्ज्ञ होते. पिंपरीत 1954 पासून हिंदुस्तान अँटिबायोटिक्स होती, हैदराबादेत आयडीपीएलचा सरकारी कारखाना होता. प्रयोगशाळेतल्या चंबूत जमलेली गोष्ट टनावारी करताना काय काय बिघडते, हे या कारखान्यांत एक पिढी शिकली.

आंध्रातल्या गुंटूरच्या कॉलेजातून दोन तरुण असेच या वाटेला लागले. अंजी रेड्डी यूडीसीटीत औषधरसायन शिकले, एनसीएलमधून डॉक्टरेट घेतली, आयडीपीएलमध्ये नोकरी केली आणि 1984 मध्ये डॉ. रेड्डीज लॅबोरेटरीज काढली. ए. व्ही. रामा राव हेही यूडीसीटीतून एनसीएलला आले, तिथे वेंकटरामन यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली, पुढे हैदराबादच्या प्रयोगशाळेचे संचालक झाले. एड्सवरचे झिडोव्हुडिन हे औषध स्वस्तात बनवण्याची प्रक्रिया त्यांच्या चमूने तयार केली, आणि मुंबईच्या सिप्लाने ते 1993 मध्ये बाजारात आणले. मग 2001 चा फेब्रुवारी. एड्सच्या तीन औषधांच्या एकत्रित उपचाराला वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर खर्च येत होता, आफ्रिकेत माणसे किड्यामुंग्यांसारखी मरत होती. सिप्लाच्या युसूफ हमीद यांनी तोच उपचार वर्षाला साडेतीनशे डॉलरला, म्हणजे दिवसाला एका डॉलरला, देऊ केला. किमती कोसळल्या त्या कोसळल्याच. आज जगभरात एड्सचे रुग्ण जी औषधे घेतात त्यांचा मोठा भाग भारतात बनतो.

झांबियातल्या एखाद्या खेड्यात जिवंत राहिलेली आई, शाळेत जाणारी तिची मुले, तिने पिकवलेला मका, हे सगळे कोणत्या विद्यापीठाच्या ताळेबंदात मांडायचे? मुंबई विद्यापीठाला यातून एक रुपया मिळाला नसेल. तरीही 1933 मध्ये विभागासाठी खर्च झालेल्या पैशावर याहून चांगला परतावा कोणत्या गुंतवणुकीने दिला, ते कोणी दाखवावे.

इथे एक तक्रार ऐकू येते. महाराष्ट्रातल्या संस्थांत शिकून माणसे हैदराबादला गेली, तिकडे कारखाने झाले, आपल्याला काय मिळाले? हा संकुचित हिशेब मला मान्य नाही. गडचिरोलीतल्या आरोग्य केंद्रात रक्तदाबाची गोळी काही पैशांत मिळते, तिच्यात हैदराबादचा वाटा आहे. शिवाय सगळे तिकडे गेले असेही नाही. तारापूर, रोहा, महाड, लोटे, कुरकुंभ, डोंबिवली इथली रसायनांची कारखानदारी पाहा. तिथल्या किती मालकांनी आणि किती शिफ्ट इंजिनिअरांनी माटुंग्याला शिक्षण घेतले, ते त्या त्या भागातल्या लोकांना विचारा. कीटकनाशकांच्या उद्योगातले मोठे नाव असलेले केकी घरडा तिथलेच, एशियन पेंट्सचे अश्विन दाणी तिथलेच, मुकेश अंबानीही तिथलेच.

याच कारखानदारीने उल्हास नदीचे आणि कोकणातल्या खाड्यांचे काय केले, हे मी झाकून ठेवणार नाही. डोंबिवलीतल्या रहिवाशांनी स्फोट पाहिले आहेत, लोट्याजवळच्या कोळ्यांनी मेलेली मासळी पाहिली आहे. ज्ञानातून आलेल्या फायद्याबरोबर हा खर्चही समाजावर पडला, आणि तो ज्यांच्यावर पडला ते त्या फायद्याचे वाटेकरी असतीलच असे नाही. पण यातून निघणारा निष्कर्ष कमी रसायनशास्त्र असा नाही. सांडपाण्यात काय आहे ते मोजणारा, कारखान्याच्या दबावाखाली नसलेला, कायम नोकरीत असलेला प्राध्यापक हवा. जवळच्या विद्यापीठात तो नसेल तर कोळ्यांच्या बाजूने पुरावा कोण देणार?

आता परळकडे पाहू. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. 1899 मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. तीच पुढे हाफकिन संस्था झाली. साप चावलेल्या कितीतरी शेतकऱ्यांचे जीव तिथल्या प्रतिविषाने वाचले. हे प्रतिविष घोड्यांच्या रक्तातून तयार होते, आणि पुण्याच्या पूनावालांच्या स्टड फार्मवरचे वय झालेले घोडे हाफकिनला दिले जात. घोडे आपले आहेत तर सीरम आपणच का बनवू नये, या विचारातून सायरस पूनावालांनी 1966 मध्ये हडपसरला सीरम इन्स्टिट्यूट काढली. ती आज मात्रांच्या संख्येने जगातली सर्वांत मोठी लस उत्पादक आहे. आफ्रिकेतल्या मेंदूज्वरावरची तिची लस 2010 मध्ये पन्नास सेंटपेक्षा कमी किमतीत पोचली, आणि त्या लशीतली महत्त्वाची पद्धत अमेरिकी सरकारच्या औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळेत तयार झाली होती. इथेही खासगी यशाच्या मुळाशी दोन सरकारी प्रयोगशाळा आहेत, एक परळची आणि एक अमेरिकेची.

पूनावालांच्या कर्तबगारीतून काही वजा करण्याचा माझा हेतू नाही. उद्योजक नसता तर ज्ञान कपाटातच राहिले असते. दुःख दुसरे आहे. मुलगी मोठी झाली आणि आईला आपण विचारेनासे झालो. कोविडच्या काळात देश लशींसाठी हडपसरकडे डोळे लावून बसला होता, तेव्हा शंभर वर्षांचा वारसा असलेले परळ त्या धावपळीच्या कडेला होते. एकेकाळी जिथून जगाला लस गेली त्या संस्थेला संशोधनासाठी नियमित माणसे आणि पैसा देत राहणे आपल्याला जमले नाही.

आज हीच वेळ बहुतेक सरकारी विद्यापीठांवर आली आहे. मंजूर पदे वर्षानुवर्षे रिकामी आहेत. एक प्राध्यापक निवृत्त झाला की त्याच्या जागी कायम माणूस येत नाही, तासिका तत्त्वावर कोणीतरी येतो. सेट-नेट झालेली, डॉक्टरेट मिळवलेली, पस्तिशी उलटलेली माणसे तासाच्या दराने दोन-तीन कॉलेजांत धावत शिकवतात, आणि उन्हाळ्याच्या सुटीत त्यांची मिळकत थांबते. अशा माणसाकडून संशोधनाची अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? वेंकटरामन तासिका तत्त्वावर असते तर पुढचे काही घडले असते का? संशोधनाला लागणारी पहिली गोष्ट म्हणजे पुढच्या वर्षीही आपण इथेच असू ही खात्री. एका माणसाची ती खात्री काढून घेतली तर त्याच्यामागून येणाऱ्या विद्यार्थ्यांची साखळी तुटते, आणि तुटलेली साखळी पुढच्या अर्थसंकल्पात पैसे ठेवले म्हणून जोडली जात नाही.

कृषी विद्यापीठांची स्थिती तर अधिकच काळजीची आहे. राहुरी, अकोला, परभणी, दापोली, चारही ठिकाणी रिक्त पदांची तक्रार आहे. आणि इकडे डाळिंबावर तेल्या आला. पानांवर, फळांवर तेलकट डाग पडतात, फळ तडकते, हाताशी आलेली बाग बघता बघता जाते. पाठोपाठ मर रोग आणि खोडाला भोके पाडणारी कीड. सांगोल्यात कितीतरी शेतकऱ्यांनी गेल्या काही वर्षांत बागा उपटून काढल्या. तेल्याला दाद न देणारा आणि बाजारालाही चालणारा वाण अजून शेतकऱ्याच्या हातात नाही. तो मिळायलाही वर्षे लागणार, कदाचित दशके. फळझाडाची एक पिढी वाढून फळ द्यायलाच दोन-तीन वर्षे घेते. तिथे घाई चालत नाही, सातत्य लागते. पैदासकाराचे पद पाच वर्षे रिकामे राहिले तर त्याची किंमत सरकारी कागदावर पगाराची बचत म्हणून दिसते, आणि सांगोल्यात ती कर्जबाजारीपण म्हणून दिसते.

देशपातळीवरचे चित्रही उत्साह वाढवणारे नाही. भारत संशोधन आणि विकासावर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या जेमतेम 0.64 टक्के खर्च करतो, असे 2020-21 चा सरकारी आकडा सांगतो. चीन 2.4 टक्क्यांच्या पुढे आहे, दक्षिण कोरिया पाचाच्या आसपास. आपल्या आकड्यात खासगी उद्योगांचा वाटा एक-तृतीयांशाच्या थोडा वर आहे. प्रगत देशांत तो बहुधा दोन-तृतीयांशाहून अधिक असतो. शिक्षणावर उत्पन्नाच्या 6 टक्के खर्च करावा असे कोठारी आयोगाने 1966 मध्ये सांगितले, तेच 2020 च्या राष्ट्रीय धोरणाने पुन्हा लिहिले. चोपन्न वर्षांत आकडा तसाच राहिला, खर्च तिथवर पोचला नाही.

काही जण म्हणतील, 1983 मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी दिली, सरकारी खर्चाशिवाय लाखो इंजिनिअर झाले, पुणे आयटीचे शहर झाले, मग सरकारी विद्यापीठांचे गोडवे कशाला? या निर्णयाचे श्रेय मी नाकारत नाही. कर्नाटकात कॅपिटेशन फी भरून जाणारी मुले इथे थांबली, पहिल्या पिढीतल्या अनेक घरांत इंजिनिअर झाला, हिंजवडीला लागणारे मनुष्यबळ मिळाले. पण चाळीस वर्षांनंतर या शेकडो कॉलेजांतून किती नवी प्रक्रिया, किती नवे वाण, किती नवी यंत्रे बाहेर पडली, हा प्रश्न विचारला पाहिजे. फार थोडी. फीवर चालणारे कॉलेज फी देणाऱ्याला हवे ते देते, म्हणजे पदवी आणि मुलाखतीची तयारी. दहा वर्षांनी कदाचित उपयोगी पडेल अशा प्रयोगासाठी कोणताही पालक फी भरत नाही, आणि त्याने भरावी अशी अपेक्षाही चूक आहे. ते काम सगळ्यांच्या पैशातूनच होऊ शकते, कारण त्याचा फायदा सगळ्यांचा आहे.

बुद्धी परदेशात पळते, मग खर्च कशाला, हाही नेहमीचा आक्षेप. मनमोहन शर्मा यूडीसीटीतून केंब्रिजला गेले, डॉक्टरेट करून 1964 मध्ये परत आले आणि सत्ताविसाव्या वर्षी माटुंग्यात प्राध्यापक झाले. पुढे ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. वर्गात शिकवायचे, प्रयोगशाळेत मूलभूत काम करायचे आणि कारखान्यांच्या अडचणीही सोडवायच्या, हा शिरस्ता त्यांनी पक्का केला. ते परतले, कारण परतण्यासारखी जागा इथे होती, कायम, मानाची आणि काम करता येईल अशी. आज केंब्रिजहून परतणाऱ्या सत्तावीस वर्षांच्या मुलीला किंवा मुलाला महाराष्ट्रातले कोणते सरकारी विद्यापीठ जाहिरात निघाल्यापासून सहा महिन्यांत प्राध्यापकपद देऊ शकेल? परत न येणाऱ्यांना दोष देण्याआधी याचे उत्तर शोधले पाहिजे.

गेल्या काही वर्षांत नवोन्मेषाची नवी लाट आली आहे. प्रत्येक कॉलेजात स्टार्टअप कक्ष, इन्क्युबेशन केंद्र, हॅकेथॉन. मुलांचा उत्साह खरा आहे आणि तो मला आवडतो. मात्र मानांकनाच्या तक्त्यात पेटंटची संख्या भरायची असते म्हणून पेटंटचे अर्ज ढिगाने केले जातात, त्यांतले किती कारखान्यापर्यंत जातात हे कोणी पाहत नाही. भगव्याचा उपयोग पेटंटच्या संख्येत मोजता आला नसता. एड्सच्या औषधाचा तर उलटाच, कारण ते स्वस्त झाले ते रेणूवर पेटंट नव्हते म्हणून. ज्या संस्थांनी महाराष्ट्राची अर्थव्यवस्था खरोखर बदलली त्यांना आजचे मानांकन कदाचित मधल्या फळीत बसवेल.

मग करायचे काय? आधी पदे भरा, तीही कायमची, आणि निवड प्रक्रिया विद्यापीठ कायद्याच्या भांडणात न अडकवता. दुसरे म्हणजे प्रयोगशाळेचा पैसा मार्चअखेरीच्या चक्रातून सोडवा. जो निधी फेब्रुवारीत येतो आणि महिन्याभरात खर्च करावा लागतो त्यातून उपकरणे येतात, संशोधन येत नाही. राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानासाठी 2023 मध्ये कायदा झाला, पाच वर्षांत 50 हजार कोटींची भाषा झाली, त्यातला मोठा भाग खासगी क्षेत्राकडून येणे अपेक्षित आहे. तो पैसा आयआयटींच्या दारातच थांबू नये, नांदेड, जळगाव, कोल्हापूर, सोलापूरच्या विद्यापीठांपर्यंत यावा यासाठी राज्य सरकारने आपला वाटा घालून पाठपुरावा केला पाहिजे. स्थानिक उद्योगाच्या अडचणी त्या त्या विद्यापीठालाच दिसतात: सोलापूरच्या चादरीचा रंग, इचलकरंजीचे सांडपाणी, जळगावची केळी, कोल्हापूरच्या फाउंड्रीची वाळू.

2018 मध्ये आयसीटीचा परिसर जालन्यात सुरू झाला. जागा योग्य निवडली आहे. ‘जालना सोने का पालना’ म्हणतात ते शहर बियाण्यांमुळेही ओळखले जाते. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये तिथे महिको काढली, आणि त्यांच्या बियाण्याच्या व्यवसायाची सुरुवात दिल्लीच्या सरकारी संशोधन संस्थेने तयार केलेल्या ‘पुसा सावनी’ या भेंडीच्या वाणापासून झाली. आज तिथे पोलादाच्या भट्ट्या आहेत, सरकी आहे, मोसंबी आहे, आणि पाण्याची कायमची ओढ आहे. एका रसायन तंत्रज्ञान संस्थेला पन्नास वर्षे पुरतील एवढे प्रश्न तिच्या कुंपणाबाहेरच पडलेले आहेत. मराठवाड्याच्या आमदारांनी आणि जालन्याच्या उद्योजकांनी तिथे जाऊन आधी एवढेच विचारावे, की कायम प्राध्यापक किती आहेत, त्यांच्यापैकी किती जण या जिल्ह्याच्या प्रश्नावर काम करतात, आणि त्यांना पुढच्या दहा वर्षांचा पैसा कोण देणार आहे. प्लेसमेंटचा आकडा नंतर विचारला तरी चालेल.